फक्त एक डोळा मिटायचा

“आज बी दळाय बसली वाटतं. जातं तरी घरघरून पीठ देतं. हिचं नुसतं खर्र खर्र.”

इंदापुरात एसटी स्टँडच्या मागं नोकरदारांची जी कॉलनी आहे, तिथं दोन घरांच्या मागल्या अंगणांत मिळून छातीइतकी एकच भिंत. भिंतीपलीकडं सिंधुबाई धुणं धूत होत्या आणि ही कुरकुर त्यांनी स्वतःशीच केली होती. निदान त्यांचं म्हणणं तसं. पण स्वतःशी बोलणारं माणूस हातातलं धुणं टाकून, भिंतीवर हनुवटी टेकून बोलत नाही.

अलीकडं करुणा मिसाळ एका रिकाम्या पिंपाभोवती फिरत होती. पिंपावर काचेची जाड चकती, तिच्यावर तशीच दुसरी, मध्ये ओली काळी भुकटी. वरची चकती पुढं-मागं घासायची, एक पाऊल बाजूला सरकायचं, पुन्हा घासायची. असं महिनोन्‌महिने केलं की वरची काच मधून खोल होत जाते आणि खालची फुगत जाते. दोघी एकाच दुकानातून आलेल्या, एकाच पाण्यात भिजलेल्या, तरी शेवटी एक खोलगट आणि एक फुगलेली. करुणाला दर वेळी आपल्या दोन जावा आठवत.

“दळत नाही, काकू. दुर्बिणीचा आरसा घासतेय.”

“दुर्बिणीत भिंग असतंय न्हवं?”

“भिंगाची पण असते. पण मोठ्या भिंगातून रंग फाटतात, चांदण्यांना जांभळी झालर येते. आरशाचं तसं नाही.”

“झालर आली तर बिघडलं कुठं,” म्हणून सिंधुबाईंनी पुढचा पिळा उचलला.

आता हे सगळं कशासाठी, तर गेल्या संक्रांतीला महिला मंडळाच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात कुणी उखाणे घेतले, कुणी पाककृती सांगितली, आणि करुणाच्या तोंडून निघून गेलं, “पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला मोठा धूमकेतू येतोय. तुम्हा सगळ्यांना मी माझ्या हातच्या दुर्बिणीतून दाखवीन.” टाळ्या वाजल्या. ती खाली बसली तेव्हा तिच्याकडं दुर्बीण म्हणून वाचनालयातलं एक पुस्तक होतं, आणि त्याचीही मुदत संपलेली होती.

टाळ्या काही कुणी लक्षात ठेवत नाही. पण घरी तिचे सासरे अप्पा यांनी ही गोष्ट फार शांतपणे ऐकून घेतली होती.

“परत कधी येणार त्यो?”

“अडीच हजार वर्षांनी, अप्पा.”

अप्पांनी जरा विचार केला. “मंजी बुद्धाला जितकी वर्षं झाली तितकी आजून. मग ह्या खेपंलाच बघावं लागंल.”

अप्पांनी ऐंशी ओलांडलेली. सांगितलं एवढंच आणि दुसऱ्या दिवशी धोतर खोचून पिंपाशी उभे राहिले. सकाळी ते घासत, दुपारी करुणा. सासरा-सून मिळून काच घासतात ही बातमी कॉलनीत पसरली तेव्हा लोकांना आधी वाटलं की मिसाळांच्यात काही तरी वाटणीवरून बिनसलंय. त्या दिवसापासून करुणाच्या मनानं एक गोष्ट धरली ती धरलीच. मंडळाला दिसो न दिसो, अप्पांना हा धूमकेतू त्यांनी स्वतः घासलेल्या आरशातून दिसला पाहिजे. तिचे यजमान बुद्धघोष म्हणत, “अहो, लोक सासऱ्याला चष्मा करून देतात.” पण ते तसं हळू म्हणत.

सिंधुबाईंचा आक्षेप वेगळा होता. “शेंडेनक्षत्र मुद्दाम बघू ने म्हणतात. राजाला वाईट असतंय.”

“आमी छप्पन साली समदे शकुन-अपशकुन मागं टाकून आलो,” अप्पा हात न थांबवता म्हणाले. “आता एका शेपटीपायी माघारी कुठं जाऊ? आन राजा तरी कुठला ऱ्हायलाय, सिंधुबाई. नगराध्यक्ष हाय. त्येला कायबी हुईत न्हाय.”

काच घासून झाली की ती गुळगुळीत करायची असते. त्यासाठी राळ वितळवून तिचा थर खालच्या काचेवर ओतायचा आणि त्याच्यावर तांबडी बारीक भुकटी लावून वरची काच हलक्या हातानं चोळत राहायची. राळ वितळवली त्या दिवशी घराला आठवडाभर पुरेल असा वास आला. तो गेला, पण भुकटी पुण्याहून ज्या पुडीत आली होती ती पुडी करुणानं न्हाणीच्या कट्ट्यावर ठेवली, आणि बुद्धघोष पहाटेच्या पाळीला जाणारे. ते स्टँडवर वाहतूक नियंत्रक. अंधारात त्यांनी हाताला लागलं ते लाल दंतमंजन म्हणून घेतलं आणि मन लावून घासलं. तांबडं तोंड घेऊन ते दिवसभर ध्वनिक्षेपकावर बोलले. संध्याकाळी आल्यावर एवढंच म्हणाले, “चव नाही त्याला. पण दात असे लख्ख कधी निघाले नव्हते.” आरशावर लावायची ती भुकटी बरोबर आहे अशी करुणाची तेव्हा खात्री पटली.

मग काचेवर चांदीचा मुलामा चढवून आणला, तेव्हा तिचा आरसा झाला. राहिली नळी. आरसा बसवायला कमरेइतकी लांब पत्र्याची नळी हवी होती. जोतीराम हा गावातला कोठ्या करणारा कारागीर. धान्याच्या कोठ्या, पाण्याच्या टाक्या, न्हाणीचे बंब. करुणानं त्याला मापं दिली, आकृती काढून दिली, तीनदा विचारलं, समजलं का. समजलं म्हणाला. आठ दिवसांनी घेऊन आला ती नळी उत्तम होती. एका तोंडाला कुलूप लावायच्या कडीचं झाकण होतं, आणि दुसऱ्या टोकाजवळ, बाजूला, धान्य काढायचं गोल तोंड.

“हे कशाला केलंस, जोतीराम?”

“मग माल काडणार कुठनं, बाई?”

“यात धान्य नाही, प्रकाश भरायचाय.”

जोतीरामनं नळीकडं आणि मग करुणाकडं मायेनं पाहिलं. “त्यो बी काडावा लागंलच की कुठनं तरी.”

हे त्याचं चुकलं नव्हतं. आरशावरून परतलेला प्रकाश नळीच्या वरच्या अंगाला, बाजूनंच काढायचा असतो, तिथंच डोळा लावायचा. करुणानं नळी उलटी केली, झाकणाच्या जागी आरसा बसवला, धान्याच्या तोंडासमोर आत छोटा तिरका आरसा लावला, तोंडात शाळेच्या मोडक्या सूक्ष्मदर्शकाचं भिंग बसवलं, आणि आपल्या आकृतीबद्दल पुन्हा कुणाकडं बोलली नाही.

एवढी तयारी झाल्यावर कॉलनीच्या चौकातल्या फळ्यावर तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘दुर्बीण लवकरच सुरू. मोफत. इच्छुकांनी सौ. मिसाळ यांच्याकडे नावे द्यावीत.’

आणि इथं तिचा घात झाला. कारण तिच्या डोक्यात गेलं वर्षभर दुर्बीण म्हणजे एकच वस्तू होती. पण या तालुक्यात कुठल्याही बाईला विचारा, दुर्बीण म्हणजे आरोग्य केंद्रात शिबिर लागतं ती. पोटाला बारीक छेद देऊन, मूल बंद करायची.

पहिली आली सिंधुबाईंची सून सारजा. मागच्या दारानं, इकडं-तिकडं बघत.

“ताई, दुर्बिणीचं तुमच्याकडं हाय म्हणं.”

“हो, ये की.”

“दुखतंय का?”

“दुखायचं काय त्यात? फक्त एक डोळा मिटायचा.”

सारजानं एक डोळा मिटून पाहिला. “येळ किती लागतो?”

“माणशी दोन मिनिटं. जास्त देता येणार नाही. मागं रांग असते ना.”

“रांग,” सारजा हळूच म्हणाली. “आन करणार कुठं?”

“गच्चीवर.”

“उघड्यावर?”

“उघड्यावरच चांगलं होतं. आणि अंधार पाहिजे, दिवा अजिबात चालत नाही.”

सारजानं पदर तोंडाला लावला. “मालकास्नी इचारावं लागंल.”

“त्यांनाही घेऊन ये. सगळ्यांचं एकदमच होऊन जाईल.”

त्याच संध्याकाळी सिंधुबाई भिंतीशी आल्या. या वेळी त्या स्वतःशी बोलत नव्हत्या.

“करुणा, माझ्या सुनंला आजून एकच पोरगी हाय. एका पोरीवर कसली दुर्बीण?”

“का? मुलींनी बघू नये असं कुठं आहे?” करुणाचा आवाज चढला. असल्या मतांचा तिला लहानपणापासून राग. “उलट तरुणपणीच झालेलं चांगलं, काकू. म्हातारपणी काय उपयोग?”

“म्हातारपणी कोण करतंय?”

“आमचे अप्पा करणार आहेत.”

सिंधुबाई बराच वेळ अप्पांकडं पाहत राहिल्या. अप्पा बाजेवर बसून शेंगा फोडत होते. मग त्या घरात गेल्या आणि दार लावून घेतलं.

उलगडा झाला तो दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या तेव्हा. ऑपरेशनांचं टार्गेट बंद झाल्याचं वरून कळवलं होतं म्हणे, पण ते खालपर्यंत उतरायला वेळ लागत होता. नर्सबाईंनी पाणी घेतलं, घाम पुसला आणि कौतुकानं विचारलं, “किती केसेस जमवल्या, मिसाळबाई? आम्हाला वर्षभर फिरून मिळत नाहीत. आणि डॉक्टर कोण बोलावलेत?”

 करुणाला सारजाशी झालेलं बोलणं पहिल्यापासून आठवलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. बाजेवर अप्पा इतके हसले की शेंगांचं सूप उलटलं.

फळा पुसून तिनं नवीन लिहिलं: ‘आकाश पाहण्याची दुर्बीण.’ त्यानंतर नाव द्यायला कुणी आलं नाही. उलट आधी ज्या दोघींनी दिली होती त्या येऊन नावं कमी करून गेल्या.

करुणा हटली नाही. दुर्बीण एकदा चालू दिसली की लोक येतील, असा तिचा विचार. म्हणून दिवसाउजेडी गच्चीवर तिनं पहिली चाचणी घेतली. नळी समोर वळवली, पाण्याच्या टाकीवर रोखली, भिंग पुढं-मागं केलं आणि एकदम सगळं स्वच्छ झालं. लांबच्या टाकीच्या शिडीची एकेक पायरी दिसली. तिनं वळून हाक मारली. “अप्पा, या.”

अप्पांनी डोळा लावला. नळी थोडी हलली होती. “ब्येस दिसतंय. पर ही सिंधुबाई उलटी का लटकलीया?”

सिंधुबाई पलीकडच्या गच्चीवर कुरडया घालत होत्या.

“उलटंच दिसतं यात, अप्पा. आरशाचा नियमच आहे. आकाशात वर-खाली काही नसतं, त्यामुळं बिघडत नाही.”

आवाज पलीकडं गेला. सिंधुबाई कुरड्यांचा सोऱ्या हातात धरून उभ्या राहिल्या. “मी उलटी दिसते व्हय त्यात?”

“हो काकू, पण ते...”

“डोकं खाली, पाय वर?”

“तसंच.”

सिंधुबाईंनी खाली वाकून स्वतःकडं पाहिलं, मग पदर घट्ट खोचला. “मग लुगडं कसं ऱ्हातंय?”

लुगड्यासकट सगळंच उलटं होतं, ते जिथल्या तिथं राहतं, हे पटवून द्यायला करुणाला संध्याकाळ लागली. तोपर्यंत मिसाळांच्या गच्चीकडं पाठ करून कपडे वाळत घालायची कॉलनीत पद्धत पडली होती. बुद्धघोष जेवताना म्हणाले, “वर्षभर घासून तुम्ही जग उलटं केलंत. आता ते सरळ कोण करणार?”

धूमकेतू मार्चच्या अखेरीला संध्याकाळी वायव्येला दिसणार होता. आणि नेमका मार्चच्या अखेरीला कॉलनीच्या कोपऱ्यावरचा रस्त्याचा दिवा लागला. तो दिवा बसवल्यापासून कुणी पेटलेला पाहिला नव्हता. लोक त्याच्या खांबाला म्हशी बांधत. आता तो वायव्येलाच, गच्चीच्या बरोबर समोर, तळपत होता. दुर्बीण आकाशातला उजेड गोळा करते तसा खांबावरचाही करते, तिला आपला-परका कळत नाही. भिंगात सगळं दुधासारखं झालं.

करुणा नगरपालिकेच्या कचेरीत गेली. दिव्यांचं बघणारे कारकून भले होते, त्यांनी बसायला सांगितलं.

“दिवा बंद असल्याची तक्रार असती, बाई. चालू असल्याची कुठं लिहू?”

“मग बंद असल्याची लिहा.”

“तो बंद न्हाय की.”

“संध्याकाळी तासभर बंद ठेवता येणार नाही का? आठ दिवस?”

कारकुनांनी डोकं खाजवलं. “एक करा. दिवा फडफडतो म्हणून द्या. आमी दुरुस्तीला घेतो. दुरुस्तीला घेतला की दोन-तीन महिनं काय तो पेटत न्हाय, ह्याची खात्री मी देतो.”

करुणानं तसं दिलं. आणि त्या कचेरीत असं कधी झालं नव्हतं ते झालं. दुसऱ्या दिवशी दुपारी शिडी आली, माणसं आली, आणि जुना दिवा काढून त्यांनी त्याच्या दुप्पट मोठा पाऱ्याचा दिवा बसवला. जाताना एकानं खालून हाक दिली, “आता फडफडणार न्हाय, बाई.”

दुसरं कुणी असतं तर तिथं थांबलं असतं. करुणानं नळीला गोधडी गुंडाळली. “अप्पा, आपण डाळजला जाऊ.”

डाळज अप्पांचं गाव. भिगवणच्या अलीकडं, हमरस्ता सोडून आत गेलं की उजनीच्या फुगवट्याचं पाणी लागतं, त्याच्या काठाला अप्पांचं रान आणि दोन खोल्या. पाण्यापलीकडं मोकळं आकाश, दिव्याचा पत्ता नाही. बुद्धघोषांनी रजा टाकली आणि वडापची जीप ठरवली. जीप सुटताना सिंधुबाई पिशवी घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसल्या, मागं सारजा. “मी काय ते बघायला न्हाय आली,” त्या म्हणाल्या. “डाळजची वांगी चांगली असतात.”

पाडव्याच्या आधीचे ते दिवस, चांदणं नव्हतं. सूर्य बुडाला, पाणी काळपट झालं, आणि अजून घरात चूल पेटायची होती तेवढ्यात तो दिसला. शोधावा लागला नाही. पाण्याच्या वर, चांगला हातभर वर, ठसठशीत डोकं आणि त्यातून निघून वरवर फाकत गेलेली शेपटी, जशी कुणी पांढऱ्या रांगोळीची मूठ वाऱ्यावर सोडावी. वस्तीवरची माणसं आली होती. 

करुणा त्या वेळी वाकून भिंगात बघत होती.

भिंगात एक धुरकट गोळा होता. ओल्या कापसाचा बोळा असतो तसा. मधे जरा उजळ, कडेला विरलेला. शेपटी नव्हती. म्हणजे शेपटीतलं थोडं धुकं होतं, पण कुठून आलं आणि कुठं गेलं ते दिसत नव्हतं, कारण नळीला आकाशाचा जेवढा तुकडा दिसतो तो चवलीच्या नाण्याएवढा. तेवढ्यात तो गोळाही सरकला आणि भिंगाच्या कडेनं निघून गेला. पृथ्वी फिरते, दुर्बीण जिथल्या तिथं असते. तिनं नळी ढकलली, पुन्हा धरला, पुन्हा निसटला. जास्त मोठं दाखवणारं भिंग लावलं, तर गोळा मोठा झाला आणि आणखी पुसट झाला. हवा पाण्यावरून थरथरत होती, त्यामुळं तो बसल्या जागी उकळत होता.

“या,” ती म्हणाली. “एकेकानं या. एक डोळा मिटायचा.”

माणसं रांगेनं आली. सारजानं डोळा लावला. “दिसलं, ताई. छान हाय.” बुद्धघोषांनी लावला. “स्पष्ट आहे,” ते ध्वनिक्षेपकावरच्या आवाजात म्हणाले. सिंधुबाईंनी आधी लुगडं सावरलं, मग डोळा लावला. करुणा वाट बघत होती. सिंधुबाई तोंडावर येईल ते बोलणाऱ्या. “ब्येस,” त्या म्हणाल्या. नुसतं तेवढंच, आणि बाजूला झाल्या.

रांगेतून सुटलेला प्रत्येक जण पाणी प्यायला म्हणून घराच्या कडेला जाई आणि परत येत नसे. करुणा तिकडं तांब्या आणायला गेली तर भिंतीला टेकून सगळे ओळीनं उभे, माना वर, तोंडं उघडी. कुणी पाणी पीत नव्हतं. तिला बघून सगळ्यांनी माना खाली केल्या. वस्तीवरचा एक जण म्हणायला लागला, “वैनी, खरं सांगू का, हे तर हितनं...” त्याच्या पायावर सिंधुबाईंनी आपला पाय ठेवला. तो म्हणाला, “हितनं गार वारं चांगलं लागतंय.”

करुणा परत नळीशी आली. तिला सगळं कळलं होतं. पुस्तकात एक प्रकरण होतं, दुर्बिणीनं काय दिसत नाही यावरचं, ते तिनं घाईत चाळून पुढं टाकलं होतं. तरी तिनं आरशाचे स्क्रू फिरवून पाहिले, भिंग पदरानं पुसलं. अप्पांची पाळी राहिली होती. अप्पांना इतक्या लांब आणलं होतं ते यासाठी.

“अप्पा, आता बघा. आता जास्त बरं आहे.”

अप्पा बाजेवरून उठले, वाकले, डोळा लावला. त्यांचे ओठ हलत होते.

“दिसतोय ना?”

“दिसतोय की.”

“शेपटी?”

“आसंल.”

“थांबा, निसटला असेल.” तिनं नळी ढकलली, दम लागेस्तोवर इकडं-तिकडं केली. “मोठा आरसा पाहिजे होता. पुढच्या खेपेला...” पुढची खेप केव्हा ते आठवून ती मधेच थांबली, पण हात थांबेनात. “नाही, हाच नीट करते. पाच मिनिटं द्या मला.”

पाण्यावर अंधार पुरता उतरला होता. घराच्या कडेची माणसं हळूहळू बाहेर आली होती. अप्पांनी थंड पत्र्याच्या नळीवर हात ठेवला, बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा, आणि मान वर केली.

“करुणा, दुर्बीण आपली झ्याक झालीया. पर हे तिच्यात मावत न्हाय. ही जरा बाजूला घे, पोरी. आड येतीया.”